सखूच्या ओळखीचं अक्षर

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठेही फिरा, नाहीतर इकडे उल्हासनगरच्या कॅम्पांतून एक चक्कर मारा, अनंता भोईरचं अक्षर वाचल्याशिवाय तुम्ही घरी परत येणार नाही. साड्यांच्या दुकानाची पाटी, ब्यूटी पार्लरची काच, केकच्या खोक्याचं झाकण, हळदीच्या मांडवात दिव्यांनी चमकणारं नवरानवरीचं नाव, नव्या टॉवरच्या कमानीवरची सोनेरी अक्षरं. जिथे म्हणून कुणाला आपण जरा खानदानी दिसावं असं वाटतं, तिथे हे अक्षर हजर. उभा दांडा भक्कम, वळणावर बारीक होत जाणारा. वेलांटी ऐटीत झुकलेली. डोक्यावरची रेघ फूटपट्टीने मारलेली नाही, हाताने ओढलेली, किंचित हलती. कॉम्प्युटरवरच्या यादीत ह्या अक्षराला 'अनंता' असंच नाव आहे. पण ते एका जित्याजागत्या माणसाचं नाव आहे, तो मोरिवलीत राहतो आणि त्याला आता स्वतःची सहीसुद्धा धड करता येत नाही, हे कुणाच्या गावी नाही. अक्षर आयतं मिळालं की माणसाची चौकशी कोण करतो!

अनंता मोरिवलीचा आगरी. आजोबांची भातशेती एमआयडीसीत गेली आणि बाप काडेपेटीच्या कारखान्यात गेला. अनंता शाळेत गणितात ढ होता, पण फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर त्यालाच उठवायचे. पुढे तो टेम्पोंच्या पाठीवर नावं रंगवू लागला, निवडणुका आल्या की भिंती रंगवू लागला. शेवटी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात त्याला गादी मिळाली. शेठ त्याला 'अनंत साईं' म्हणायचा आणि गिऱ्हाइकासमोर त्याला घाई करायचा नाही, हे त्या शेठचं मोठेपण.

अनंता बोरू स्वतः कापायचा. टोकाला तिरका छाट द्यायचा, नखावर टेकवून बघायचा, पुन्हा छाटायचा. दांडा ओढताना श्वास रोखायचा आणि वेलांटीला सोडायचा. 'चि. सौ. कां.' लिहून झालं की बोरू खाली ठेवायचा आणि पुढे ज्या मुलीचं नाव यायचं ते एकदा तोंडाने म्हणायचा, मगच लिहायचा. अनंताने नावं लिहिली नसतील तर आगऱ्यांच्या घरची पत्रिका छापखान्यात जात नसे. हळदीच्या दिवशी हजार माणूस जेवून जायचं आणि त्यातलं निम्मं माणूस पत्रिका हातात धरून म्हणायचं, हा अनंताचाच हात.

त्याची बायको सखू. ती औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, शिफ्टमध्ये. ती यायची तेव्हा हा निघालेला असायचा आणि हा यायचा तेव्हा ती निघालेली असायची. मूलबाळ झालं नाही. घरात दोन माणसं आणि तीही एकमेकांना रविवारपुरती भेटायची. मग संसार चालला तो चिठ्ठ्यांवर. 'डाळ उतरवून ठेवली आहे.' 'पाणी आलं नाही, भावजींकडून दोन कळश्या आणल्यात.' 'आज तुझा चेहरा उतरलेला वाटला. डॉक्टरकडे जाऊन ये.' बाजारात लोक ज्या अक्षरासाठी तिष्ठत बसायचे, त्या अक्षरात सखूला डाळीची बातमी मिळायची. चिठ्ठी म्हणून घाईने खरडायची, हे अनंताला जमलंच नाही. तिथेही तोच श्वास, तीच वेलांटी. सखू त्या चिठ्ठीत लिहिलेलं मुकाट्याने करायची. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर ती वाद घालायची, चिठ्ठीवर कधी घातला नाही.

मग पत्रिका कॉम्प्युटरवर निघायला लागल्या आणि अनंताच्या गादीसमोरची गर्दी ओसरली. त्या दिवसांत शलाका आली. बदलापूरची मुलगी, मुंबईला अक्षरांचंच शिक्षण घेतलेली, कॅम्प चारमध्ये तिने छपाईचं छोटं दुकान टाकलं होतं. ती म्हणाली, काका, तुमच्या हाताचा फॉन्ट करू या. अनंताला आधी वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पण ती दर रविवारी जाड कागद घेऊन मोरिवलीला यायची आणि त्याच्याकडून एकेक अक्षर लिहून घ्यायची. 'र' तीन तऱ्हेचा, 'स' चार तऱ्हेचा. कारण हाताने लिहिणाऱ्याचा एक 'स' दुसऱ्यासारखा येत नाही, आणि एकाच नावात दोनदा तोच 'स' आला की डोळ्याला कळतं की हे यंत्राचं काम आहे. सखू चहा करायची आणि बाजूला बसून बघायची. शलाकाने आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिल्यांदा अख्खं वाक्य काढून दाखवलं तेव्हा अनंताने एकेक वेलांटी जवळून तपासली. मग म्हणाला, "माझ्यासारखं आहे. माझं नाही."

शलाकाला ते लागलं. पण तिने काम सोडलं नाही आणि फॉन्टला नाव त्याचंच दिलं.

नशिबाने पोरीने वेळेत केलं. पुढच्याच वर्षी अनंताचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाची बशी वाजायची, मग शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे पुरतं जाणार नाही असं सरळ सांगून टाकलं. बोरू हातात धरला की टोक कागदावर नाचायचं. अनंताने बोरूंचा डबा माळ्यावर टाकला आणि त्या दिवशी जेवला नाही.

हे कमी होतं म्हणून सखूचं विसरणं सुरू झालं. आधी दुधाखालचा गॅस, मग नणंदेचं नाव, मग आज सकाळ आहे की संध्याकाळ. आणि मग एका दुपारी तिने अनंताकडे पाहून डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "कोन पायजे?"

थोड्या वेळाने तिला ओळख आली, पण ती काही टिकायची नाही हे अनंताला कळून चुकलं. कधी ती अर्धा दिवस त्याला ओळखायची, कधी दोन दोन दिवस नाही. अशा वेळी घरात एक परका म्हातारा वावरतो आहे म्हणून ती भिंतीला लागून बसायची. अनंताने सवयीने चिठ्ठ्या लिहून पाहिल्या. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून त्याने लिहिलं, 'सखू, घाबरू नको, मीच आहे.' तिने ती उलटीसुलटी केली आणि फाडली.

"ह्या कोनी लिवलाय? ह्यांचा अक्षर न्हाय. घरात कोन शिरलाय?"

ज्या हाताने जन्मभर संसार सांभाळला, त्याच हाताची चिठ्ठी चोराची ठरली. अनंताने कागदाचे तुकडे गोळा केले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडला.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून गेली नव्हती. डॉक्टरकडे रिक्षाने जाताना ती बाहेर बघायची आणि एखादी पाटी दिसली की एकदम खुलायची. "बगा, ह्यांनी हितं पन चिठ्ठी लावलीय!" साडीच्या दुकानावर 'सौभाग्य' लिहिलेलं असायचं, केकवाल्याकडे 'गोड आठवण'. तिच्या लेखी त्या सगळ्या चिठ्ठ्याच होत्या आणि तिच्यासाठीच लावलेल्या होत्या. अनंता हसून मान डोलवायचा. त्याला वाटायचं, निदान तेवढा वेळ तरी ती खूश आहे ना. त्यात काही धोका असेल असं त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी अनंता गोळ्या आणायला खाली उतरला होता. कडी बाहेरून लावली, पण थरथरत्या हाताने ती नीट बसली नसावी. परत आला तर दार सताड उघडं आणि सखू घरात नाही.

समोरच्या खोलीतली सोनिया धावत आली. "काका, काकी मला जिन्यात भेटल्या. चांगली साडी नेसल्या होत्या. मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या ह्यांनी बोलावलंय. मला वाटलं तुम्ही खाली थांबलायत!"

"मी कशाला बोलवीन गं तिला?" अनंता ओरडला. सोनियाचा काय दोष! पण माणूस अशा वेळी जवळच्यावरच ओरडतो.

खालच्या गल्लीत कल्पेश रिक्षा लावून उभा असायचा. चुलत पुतण्याच म्हणा, गावातला. अनंताचा चेहरा बघून त्याने काही विचारलं नाही, मीटर पाडायचंही सोडून रिक्षा काढली. आधी ते गावदेवीच्या देवळात गेले. मग सखूच्या जुन्या कारखान्याच्या फाटकावर, कारण कधीकधी ती डबा घेऊन शिफ्टला निघायची. वॉचमन म्हणाला, इथे कोणी आलेलं नाही. मग शिवमंदिर, मग वालधुनीच्या पुलाची दोन्ही टोकं. पुलावर कल्पेशने रिक्षा थांबवली तेव्हा अनंताला खाली पाण्याकडे बघण्याचा धीर झाला नाही. "तू बघ," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. कल्पेशने बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

पोलीस चौकीत हवालदाराने तक्रार लिहून घेतली, फोटो मागितला. अनंताकडे फोनमध्ये एकच फोटो होता, कुणाच्या तरी हळदीतला. सखूच्या मागे दिव्यांची अक्षरं. सही करताना त्याचा हात इतका हलला की हवालदाराने कागद दाबून धरला. "बसा काका, पाणी प्या," तो म्हणाला. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाकडे सखू नव्हती.

कल्पेशने फोटो व्हॉट्सॲपवर सोडला. आगऱ्यांचे ग्रुप, रिक्षावाल्यांचे ग्रुप, शलाकाच्या मार्फत कॅम्प चारचे व्यापारी. ऊन डोक्यावर आलं. सखूने सकाळपासून काही खाल्लं नसणार. तिच्या रक्तदाबाची गोळी अनंताच्या खिशातच होती, तिच्यावर त्याची बोटं पुन्हा पुन्हा जात होती. त्याने नको नको ते मनात आणलं. बाई सापडली नाही तर आपणही त्या पुलावर जायचं, हेही आणलं. उगाच कशाला लपवायचं, आणलं.

मग स्टेशनजवळच्या साडीवाल्याचा फोन आला. ह्या मावशी सकाळी आमच्या दुकानासमोर होत्या, तो म्हणाला. स्टुलावर चढून पाटीला हात लावत होत्या. आम्ही खाली उतरवलं तर म्हणाल्या, ह्यांनी लिवलाय, म्हणजे हे पुढं गेले असतील.

अनंताने फोन कानावरून खाली घेतला. सोनियाला सखू काय म्हणाली होती ते आता त्याच्या डोक्यात उतरलं. ह्यांनी बोलावलंय. तो साऱ्या गावात सखूला शोधत होता आणि सखू साऱ्या गावात त्याला शोधत होती. पाटीमागून पाटी. पत्ता तर त्यानेच लिहून ठेवला होता.

"कल्पेश, माझं अक्षर कुठं कुठं आहे रे?"

"काका, कुठं नाय ते विचारा," कल्पेश म्हणाला आणि खरं तेच म्हणाला.

अनंताने शलाकाला फोन लावला. पुढच्या पाट्या तिने पटापट सांगितल्या, कारण बऱ्याच तिनेच छापल्या होत्या. पार्लर. केकवाला. सोनाराचं नवं दुकान. रिक्षा प्रत्येकासमोर थांबली. पार्लरमधली मुलगी म्हणाली, हो, एक आजी काचेला गाल लावून उभ्या होत्या, पाणी दिलं तर प्यायल्या. केकवाला म्हणाला, आल्या होत्या, तिकडे गेल्या, बदलापूरच्या बाजूला. सोनाराच्या वॉचमनने तिला हटकलं होतं. अनंता प्रत्येक पाटीकडे बघत होता आणि त्याला त्या अक्षराचा संताप येत होता. हसत होतं लेकाचं. एकही दांडा हलत नव्हता.

ती सापडली ती बदलापूरच्या रस्त्यावर, एका मंगल कार्यालयाच्या फाटकात. त्या दिवशी कार्य नव्हतं. आत खुर्च्यांच्या उतरंडी आणि एक झोपलेला कुत्रा. कमानीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या, आपलीच वाट पाहत होतो.' खाली पायरीवर सखू बसली होती. गुडघ्यांवर हात, पदर नीट, पायात एकच चप्पल. टाच फुटून रक्त सुकलेलं. लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी शांत.

"सखू!" अनंता धावला. त्याचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा उडाला. कारण तिने वर पाहिलं आणि ती मागे सरकली.

"चल, घरी चल. केवढी चाललीस गं!" त्याने तिचा हात धरला.

"हात सोड! मी ह्याला वलखत न्हाय! अवं बगा कुनीतरी!"

बसथांब्यावरच्या दोन बायका धावत आल्या, वॉचमन आला. "ओ काका, हात सोडा पहिला." अनंता सांगू लागला की ही माझी बायको आहे. बायकांपैकी एकीने सखूला विचारलं, मावशी, हे कोण तुमचे? सखूने मान हलवली. "माझं मालक येतात आता. त्यांनी लिवलाय बगा वर. मी हितंच बसनार." कल्पेश मध्ये पडला नसता तर अनंताने त्या दिवशी मार खाल्ला असता. ज्या बाईबरोबर जन्म काढला तिला त्याच्यापासून वाचवायला लोक उभे राहिले होते. त्यांनाही बोल कसा लावायचा? ते बरोबरच होते.

अनंताने वॉचमनकडून पेन आणि कागद मागून घेतला. रिक्षाच्या सीटवर कागद ठेवून, मनगट दाबून, श्वास रोखून त्याने लिहायला घेतलं. 'स' जमला नाही. 'ख' तर फुटलाच. तरी त्याने तो कागद तिच्यापुढे धरला. सखूने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा कमानीकडे.

"असल्या अक्षरानं मना फसवता?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

अनंता रस्त्याच्या कडेला खाली बसला. आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मांडीवर पडल्या पडल्याही तो हलत होता. वर कमानीवर त्याच हाताचं काम उन्हात झगझगत होतं, आणि त्या दोघांतला खरा अनंता कोणता, हे ठरवणारं माणूस पायरीवर बसून निवाडा देऊन मोकळं झालं होतं. त्याने पुन्हा शलाकाला फोन लावला.

"एक कागद काढून दे. तुझ्या त्या अक्षरात."

"माझ्या नाही, काका. तुमच्या."

"माझ्या," अनंता म्हणाला. हे तो पहिल्यांदाच कबूल करत होता आणि करायला असा मुहूर्त मिळाला. "लिही. सखू, हे गृहस्थ आपले आहेत. ह्यांच्याबरोबर घरी जा. मी येतो. खाली अनंता."

पलीकडे शलाका अडली. "काका, 'मी येतो' कसं लिहू? तुम्ही तर तिथेच..."

"लिही गं बाय. ती बसलीय उन्हात."

शलाकाने कागद कल्पेशच्या फोनवर धाडला आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याने छापून दिला. कल्पेश येईपर्यंत अनंता तिच्यापासून लांब उभा राहिला, बायकांनी सांगितलं होतं तेवढा लांब. कागद आला. साधाच पांढरा कागद, पण वेलांटी तीच, 'स' ऐटीत वळलेला. अनंताने तो पुढे केला. सखूने दोन्ही हातांनी घेतला, ओठ हलवत वाचला, पुन्हा वाचला. मग नीट घडी घालून कमरेला खोचला आणि उठली.

"आदी का न्हाय दाखिवलात?" ती म्हणाली. "उगाच माज्या हाताला धरत बसलात."

बसथांब्यावरच्या बायकांनी वाट सोडली. त्यातली एक पदराने डोळे टिपू लागली, पण अनंताला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. रिक्षात सखू टोकाला बसली, मध्ये पिशवी ठेवून. वाटेत तिने विचारलं, "तुमी ह्यांच्या दुकानातलं का?"

"हो," अनंता म्हणाला. लग्नानंतर त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आता जिभेवर दुसरं काही आणायचं नाही, हे त्याने स्वतःला बजावलं. "तुमची गोळी दिलीय त्यांनी. घेता का?" तिने घेतली.

मोरिवलीला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. जिना चढून दार उघडलं. सखू आत गेली, ओळखीचं घर बघून तिचे खांदे सैल झाले. मग वळली आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"लई उपकार झालं. आता या तुमी. ते घरात नाहीत, मानसं नावं ठेवतील."

आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. कडी चांगली बसली.

सोनिया दारात आली. "काका, मी सांगते काकींना. मला ओळखतात त्या."

"नको," अनंता म्हणाला. "ती घाबरेल." तो जिन्याच्या पायरीवर बसला. आता कुठे जायचं? घर तर समोरच होतं. आत भांडी वाजत होती, म्हणजे तिने स्वयंपाकाला घेतलं होतं. गॅसचा आवाज येतो का म्हणून त्याने दाराला कान लावला. त्याने मग पुन्हा शलाकाला फोन केला आणि एक एक शब्द विचार करून सांगितला. ह्या वेळी शलाकाने मध्ये काही विचारलं नाही. कल्पेश गल्लीतल्या दुकानातून कागद छापून घेऊन आला आणि अनंताने तो दाराखालून आत सरकवला.

'सखू, हे गृहस्थ आजपासून आपल्याकडे राहतील. चांगले आहेत. ह्यांना जेवायला वाढ. औषध ह्यांच्याच हातून घे. रात्री दाराला कडी ह्यांना लावू दे. अनंता.'

आत भांडी थांबली. मग कडी निघाली.

"या," सखू म्हणाली. "हे म्हनतात तर या."

तिने पाट मांडले, दोन. एक अनंतापुढे आणि एक समोर, रिकाम्या जागी, तिथेही ताट, तिथेही पाण्याचा तांब्या. भात जरा लागला होता. "तुमी सुरू करा," ती म्हणाली, "ते येतीलच इतक्यात."

अनंता जेवू लागला. घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा ताटात सांडत होता. सखू थोडा वेळ बघत राहिली. तिला वाईट वाटलं असावं, कारण ती जवळ येऊन बसली आणि तिने त्याचा भात स्वतः कालवून दिला.

"हाताला काय झालाय तुमच्या?"

"थरथरतो."

"आमचं हेही हाताचंच काम करतात." तिने कमरेचे दोन्ही कागद काढले आणि गुडघ्यावर पसरून त्याला दाखवले. एका दांड्यावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. "पन त्यांचा हात बगा कसा हाय. जरा म्हनून हलत न्हाय."

अनंताने पाहिलं.

"चांगला हात आहे," तो म्हणाला.